तिसरा पुकारा

१० जून २०२४, सोमवार

घशातला तुकडा तपासायला गेला आहे. अहवाल येईपर्यंत बोलू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. बोलायचं नाही तर लिहावं, म्हणून ही वही. एम.ए. मराठी झाल्यावर स्वतःसाठी काही लिहितो आहे ते आज. मधली एकतीस वर्षं न्यायालयात शिपाई म्हणून गेली.

माझं काम पुकाऱ्याचं. साहेबांनी प्रकरण घेतलं की दाराबाहेर येऊन पक्षकाराचं नाव घ्यायचं. बापाच्या नावासकट, आडनावासकट. मग ‘हाजिर हो’. असं तीन वेळा. दोन पुकाऱ्यांमध्ये माणूस जिना चढून येईल एवढी जागा सोडायची. तिसऱ्यानंतर थांबायचं नाही. आत जाऊन सांगायचं, गैरहजर. मग प्रकरण एकतर्फी चालतं. माझा आवाज बाहेरच्या लिंबाखालच्या टपरीपर्यंत जातो. वकील म्हणतात, दांडगे, तुम्ही नाव घेतलं की मेलेला माणूसही तारखेला येईल.

मार्चपासून आवाज बसला. आधी काढा झाला, मग गुळण्या. मे महिन्यात अर्धं आडनाव घशातच राहायला लागलं.

घरीही पुकारा चालतो. जुना विनोद आहे. जेवायला बसलो की मी म्हणतो, ‘द्वारकाबाई सोमनाथ दांडगे, हाजिर हो!’ तिसऱ्याच्या आत द्वारका येतेच. पिठाचे हात तसेच घेऊन येते. एकदाच आली नव्हती. शेजारणीकडं बसली होती. मी आतून कडी लावून घेतली. एकतर्फी निकाल, म्हटलं. दिवे लागेपर्यंत ती ओट्यावर बसून होती. सायली तेव्हा सात वर्षांची. ती आईजवळ बसली. हा किस्सा मी बाररूममध्ये पुष्कळदा सांगितला आहे. लोक फार हसतात.

आज पुकारा करता आला नाही. ताटावर वाटी वाजवली. आली.

१८ जून, मंगळवार

कर्करोग आहे. स्वरयंत्राचा. एक पट्टी हलतच नाही. तिसरी पायरी म्हणाले.

मंगळवारी सगळे डॉक्टर एका खोलीत बसतात आणि कुणाला काय करायचं ते ठरवतात. बाहेर बाकांवर शंभर माणसं. द्वारका, तिचा धाकटा भाऊ सर्जेराव आणि मी. सर्जेराव वाळूजला कंपनीत सुपरवायझर आहे, आज रजा टाकून आला. शेजारी फर्दापूरचा सांडू गव्हाणे नावाचा माणूस. लेण्यांच्या पायथ्याशी रंगीत दगड विकतो. त्याचंही माझ्यासारखंच, त्याच पट्टीचं. घोगऱ्या आवाजात तो जपानी बोलून दाखवत होता. दोनच वाक्यं येतात म्हणाला, स्वस्त आहे आणि अजून स्वस्त आहे.

दवाखान्याचा शिपाई नाव गिळतो. मान खाली घालून कागदाशी बोलतो. दोन पुकाऱ्यांच्या मध्ये जागाच सोडत नाही. मला बसवेना. दीड तासानं खाली गेलो. चहा घेतला. चहाबरोबर जे घ्यायचं तेही घेतलं. शेवटची, असं ठरवून घेतली.

वर आलो तेव्हा द्वारका आणि सर्जेराव खोलीतून बाहेर पडत होते. नंबर लागून गेला होता. मला परत आत घेतलं. मोठे डॉक्टर म्हणाले, “घरच्यांशी बोलणं झालंय. आणखी काही असलं तर कळवा दोन दिवसांत.” माझ्या मानेला हात लावून पाहिलं आणि पुढचं नाव घ्यायला सांगितलं.

बाहेर विचारलं, काय म्हणाले? द्वारका म्हणाली, “ऑपरेशन. आवाजाची पेटीच काढावी लागती म्हणे.” तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. घाबरली असणार. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती.

सर्जेराव म्हणाला, “दाजी, टेन्शन घेऊ नका. जीव राहिला पायजे. आवाज काय, आम्ही देऊ उसना.”

त्याला विनोद करायचा होता.

२० जून, गुरुवार

आज सह्या झाल्या. सहा पानं. दवाखान्यातली बाई बोट ठेवत गेली, मी सही करत गेलो. कोर्टाच्या व्हरांड्यात मी किती लोकांना सांगितलं असेल, वाचल्याशिवाय सही करू नका. बाईनं मला ‘बाबा’ म्हटलं. मी सत्तावन्नचा आहे. त्याचाच राग येत राहिला.

सही झाल्यावर आतून मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, “काय ते नक्की ठरलं ना?” मी काही म्हणायच्या आत द्वारका म्हणाली, “ठरलं.”

मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत ती चारचौघांत एवढ्या ठामपणे बोललेली मी ऐकली नव्हती.

२ जुलै, मंगळवार

उद्या ऑपरेशन. आवाजाचा शेवटचा दिवस, तर काय बोलावं याचा दुपारभर विचार केला. सायली पुण्याहून आली आहे. औषधाच्या कंपनीत आहे, होस्टेलवर राहते. छावणीतल्या आमच्या घरात तिचा अभ्यास होत नसे म्हणून बारावीनंतरच गेली. तिला जवळ बसवलं. वाटलं होतं आशीर्वादाचं काही बोलेन. तिच्या हातात मोबाइल होता. ‘तो ठेव आधी,’ एवढंच निघालं. तिनं ठेवला.

संध्याकाळी द्वारका म्हणाली, “बोला ना काही. आज बोला.”

मी म्हणालो, खिडकी लाव.

९ जुलै

मानेच्या मुळाशी रुपयाएवढं छिद्र. श्वास तिथून. नाकात नळी, दर दोन तासांनी तीतून पातळ डाळ, दूध, सायलीनं आणलेली पावडर. नाक नुसतं नळीला अडकवायला उरलं आहे, वास येत नाही. आज आरसा मागितला. रडायला आलं. आवाज नसताना रडलं की तोंड नुसतं वेडंवाकडं होतं. परिचारिकेला वाटलं मी हसतो आहे. तीही हसली.

द्वारका छिद्र साफ करायला पहिल्याच दिवशी शिकली. सायलीला चक्कर आली होती. द्वारकाचा हात हलत नाही. दिव्यात वात सरकवावी तसं करते.

२२ जुलै, सोमवार

घरी. बोलण्यासाठी शंभर पानी वही आणि पेन्सिल. सायलीनं पाटी पण आणली, ती मी फेकली. पाटी मुलांना देतात.

अडचण वेगळीच आहे. हाक मारली की माणसाला ऐकावं लागतं. लिहिलेलं वाचावं लागत नाही. आज वही पुढं धरली. द्वारका म्हणाली, “थांबा, चष्मा बघते.” आतल्या खोलीत गेली. कपाट उघडलं, बंद केलं. चष्मा सापडेपर्यंत मला काय म्हणायचं होतं तेच गेलं. नंतर पाहिलं तर चष्मा तिच्या डोक्यावर होता. आजारपणात बायका विसराळू होतात.

१२ ऑगस्ट, सोमवार

शेक सुरू, म्हणजे रेडिएशन. एकूण तीस. चेहऱ्याचा प्लास्टिकचा साचा केला आहे. तो तोंडावर ठेवून टेबलाला चाप लावतात. पाच मिनिटं हलता येत नाही. आजवर लोकांना उभं राहा, गप्प बसा, मोबाइल बंद करा असं सांगत आलो. टेबलावरची बाई म्हणाली, “काका, गिळू नका. हलू नका. बोलू नका.” मग तिच्या लक्षात आलं आणि ती “सॉरी” म्हणाली.

बाकावर सांडू भेटला. त्याला नुसता शेक आणि आठवड्याला एक केमोचं सलाइन. शेवटचे चार दिवस उरलेत. मान काळी पडलेली, ओठ फाटलेले. पण बोलतो. करवतीसारखा आवाज, पण त्याचा स्वतःचा. मी वहीत लिहिलं, तुमची गाठ लहान असणार. तो म्हणाला, “असंल. आपल्याला काय कळतं?” आणि माझ्या मानेवरच्या फडक्याकडं पाहून गप्प झाला. नंतर बराच वेळ त्यानं माझी वही हातात धरून ठेवली होती. काही लिहिणार होता की काय कळलं नाही. त्याला बोलता येत असताना तो लिहील कशाला?

२९ ऑगस्ट, गुरुवार

गुरुवार, म्हणजे छावणीचा बाजार. द्वारका दहाला गेली ती एकला आली. पूर्वी अर्ध्या तासात यायची. मी लिहिलं, एवढा वेळ? तिनं वाचलं. म्हणाली, “व्हय. फिरले जरा.” आणि भाजी निवडायला बसली. भेंडी, दोडका, आणि काचेच्या हिरव्या बांगड्या.

घरात कुणीतरी गुणगुणत होतं. शेजारचा रेडिओ असेल असं वाटलं. मग लक्षात आलं, ती आहे. इतक्या वर्षांत तिला गाणं येतं हे मला माहीत नव्हतं. मी आजारी असताना हिला गाणं सुचतं.

२७ सप्टेंबर

शेक संपला. चवीला सगळं पत्र्यासारखं. वजन अठ्ठेचाळीस.

३ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीला सायली नऊ दिवस राहिली. पूर्वी दुसऱ्या दिवशीच बॅग भरायची. आजारपणानं पोरीला माया आली. आई आणि ती ओट्यावर बसून तासन्‌तास बोलतात. परवा दोघी इतक्या हसल्या की करंजीचं सारण सांडलं. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. वहीत लिहिलं, मलाही सांगा. सायलीनं वाचलं आणि म्हणाली, “काही नाही पप्पा, असंच.” मग त्या गप्प झाल्या. मी परत आत आलो. थोड्या वेळानं पुन्हा हसू आलं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

तपासणीचा दिवस. हे स्पष्ट लिहून ठेवायला हवं.

सांडू आला होता. द्वारका औषधाच्या रांगेत होती. त्याच्या कानाखाली सुपारीएवढी सूज. म्हणाला, “सर्दीची गाठ आहे. आज दाखवतो.” मग विचारलं, “दांडगे साहेब, तुमी पेटी का काढू दिली?”

मी लिहिलं, दुसरा इलाज नव्हता.

तो म्हणाला, “मला तर दोन रस्ते सांगितले. काढा, नाय तर शेक आन सलाइन. शेकात आवाज राहतो, पण परत उलटायची भीती जास्त. मी म्हणलं, माझा धंदा गळ्यावर आहे, शेकच द्या. तुमचं न्‌ माझं तर एकच होतं. त्याच दिवशी, त्याच खोलीत.”

मी लिहिलं, मला कुणी विचारलं नाही.

त्यानं रांगेकडं पाहिलं. मग हळू म्हणाला, “तुमी खाली गेले होते. तुमचं नाव पुकारलं. तीनदा. मी म्हणलं, खाली टपरीवर असतील, मी आणतो बोलवून. तर तुमची मंडळी म्हणाली, नको. बसा तुमी.” त्यानं घसा साफ केला. “मला वाटलं तुमचं घरी ठरलेलं असंल. ऑगस्टातच सांगणार होतो. तुमच्या गळ्याकडं बघितलं आन म्हणलं, आता सांगून काय?”

द्वारका औषधं घेऊन आली. सांडूला म्हणाली, “बरं आहे ना भाऊ?” तो म्हणाला, “चाललंय ताई.” रिक्षात ती माझ्या गळ्याचं फडकं नीट करत होती. मी हात झटकला.

१३ नोव्हेंबर, बुधवार

कागद काढले. चौथ्या पानावर छापलं आहे, ‘उपचाराच्या अन्य पर्यायांची माहिती मला समजेल अशा भाषेत देण्यात आली असून मी स्वेच्छेने’. खाली माझी सही. वळणदार. खालची रेघसुद्धा नेहमीसारखी लांब ओढलेली.

वहीत प्रश्न लिहिला आणि तिच्यापुढं धरला. आज तिनं चष्मा शोधला नाही.

“व्हय,” ती म्हणाली. “दोन रस्ते होते.”

मी लिहिलं, मला का नाही विचारलं?

“डॉक्टरनं सांगितलं, पेशंटला विचारा आन कळवा. मी विचारलं नाय. मीच सांगितलं, काढा म्हणाले म्हणून.”

एवढं ती शांतपणे म्हणाली. लसूण सोलत होती, तो सोलतच राहिली. मी वही आपटली. पुन्हा लिहिलं, का? पेन्सिलीचं टोक मोडलं.

“तीनदा पुकारलं तुमच्या नावानं,” ती म्हणाली. “मी मोजले. सोमनाथ पुंडलिक दांडगे. सोमनाथ पुंडलिक दांडगे. तिसऱ्याला मी उठले. तुम्हीच सांगत होते ना लोकांना, तिसऱ्यानंतर थांबत नसतात.”

सांडूला तू थांबवलंस, मी लिहिलं.

“थांबवलं.”

दुसरी पेन्सिल घेतली. लिहायला लागलो, ‘मी जगावं म्हणून केलंस की’ आणि हात थांबला. तिनं वाकून पाहिलं. वाट पाहिली.

“लिहा की पुढं,” म्हणाली. “मी वाचते.”

मी लिहिलं नाही. वाक्य अजून तसंच आहे, त्या वहीत.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

सर्जेरावला बोलावून घेतलं. तो कामावरून तसाच आला, बुटासकट. त्याला कागद दाखवला.

“दाजी, मला कशाला गुन्हेगार करता?” तो म्हणाला. “मी तिथंच म्हणलो, दाजींना इचारू. अक्का बाहेर आल्यावर म्हणली, मी घरी इचारते. दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणली, इचारलं, काढा म्हणाले. मी कशाला खोटं समजू? अक्का आजवर खोटं बोललीय का?”

त्यानं द्वारकाकडं पाहिलं. ती चहा गाळत होती.

“आन तुम्ही जिवंत आहात ना?” तो मला म्हणाला. “डॉक्टर म्हणाले होते, तुमच्या केसमधी काढलेलं बरं. मग रडता काय? लई वर्षं तुम्हीच बोलले. आता अक्काला बोलू द्या की जरा.”

असं तो माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून म्हणाला. आवाज असता तर तो ओट्यावरून पळाला असता. मी ताटावर वाटी आपटली. तो म्हणाला, “हां, हे बरंय. बँड लावा.”

मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी चहा घेतला नाही. एका घरात दोघं मिळून माणसाला गाडतात आणि नंतर चहा देतात.

२ डिसेंबर

कोर्टात परत रुजू. पुकारा आता विजेच्या फळ्यावर. नंबर लाल होतो आणि लोक आपोआप आत जातात. मला रेकॉर्ड रूममध्ये बसवलं आहे. फायली काढून देणं. बाररूमचे लोक भेटले. कुणी काही विचारलं तर मी लिहीपर्यंत ते घड्याळ पाहतात.

एकतर्फी निकालाची फाइल पातळ असते. दुसऱ्या बाजूचा एकही कागद नसतो. पण तो निकाल रद्द करून घेता येतो. गैरहजर राहण्याचं योग्य कारण दाखवावं लागतं. मी माझं कारण लिहून पाहिलं. ‘चहासाठी खाली गेलो होतो.’ खोडलं. ‘विडी ओढण्यासाठी’ असं लिहिलं. तेही खोडलं.

पण तिनं सांडूला जाऊ दिलं असतं, तर मी मिनिटभरात वर आलो असतो.

७ जानेवारी २०२५, मंगळवार

वाचा शिकवणाऱ्या रूपा मॅडमनी सांगितलं, व्हॉल्व्ह बसवता येईल. श्वासनळी आणि अन्ननळीच्या मध्ये छोटं भोक पाडून त्यात एक झडप. अंगठ्यानं मानेवरचं छिद्र बंद करायचं, हवा झडपेतून जाते, आवाज येतो. पूर्वीचा नाही, पण शब्द कळतात. आधी गळ्याला लावायचं यंत्रही दिलं होतं. त्यात मी फ्रिजसारखा बोलायचो. ते परत केलं.

“रोज ब्रशनं साफ करावं लागतं,” मॅडम म्हणाल्या. “सुरुवातीला घरातल्या कुणीतरी शिकावं लागेल. कोण करणार?”

पुन्हा सगळं तिच्याच हातात. मी तिच्याकडं पाहिलं नाही. खोलीत पंख्याचा आवाज.

“मी करीन,” द्वारका म्हणाली.

मोठे डॉक्टर आले, त्यांनी सवयीनं तिलाच विचारलं, “मग बसवायचा ना व्हॉल्व्ह?”

ती म्हणाली, “मला कशाला विचारता? ते बसलेत ना समोर. हाजिर आहेत.”

मी लिहिलं, हो. मोठ्या अक्षरात. डॉक्टरांना वाटलं मी रागावलो आहे.

अपराधाची भावना माणसाला काम करायला लावते. करू दे तिला.

३० जानेवारी

काल झडप बसवली. दुखतं. आठ-दहा दिवस थांबायचं. आज द्वारका मॅडमकडून ब्रश धरायला शिकली. आत घालायचा, फिरवायचा, काढायचा. पहिल्या खेपेलाच जमलं. मॅडम म्हणाल्या, “मावशी, तुम्ही नर्स व्हायला हवं होतं.”

ती म्हणाली, “व्हायचं होतं. बारावीला चौसष्ट टक्के होते.”

हे मला माहीत नव्हतं. लग्नाच्या वेळी तिच्या वडिलांनी नुसतं ‘शिकलेली आहे’ म्हटलं होतं. मी पुढं विचारलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आवाज आला. मॅडमनी सांगितलं, ‘आ’ म्हणा. अंगठा ठेवला, आधी नुसती हवा, मग एक ‘आ’. विहिरीतून घागर ओढावी तसा. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. द्वारका दाराशी उभी होती. मी तिच्याकडं वळलो तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडलेला. ती म्हणाली, “चांगला आला,” आणि पिशवीचे बंद बोटाला गुंडाळायला लागली.

बाहेर शिपाई नावं घेत होता. “सांडू भिका गव्हाणे.” मी वळून पाहिलं. “सांडू भिका गव्हाणे.” दोन बाकं रिकामी होती. “सांडू भिका गव्हाणे.” त्यानं कागद खाली ठेवला आणि पुढचा घेतला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

द्वारकानं फर्दापूरला फोन लावला, सांडूनं दिलेल्या नंबरवर. स्पीकर सुरू ठेवला. त्याच्या बायकोनं, पारूबाईनं उचलला. सांडू संक्रांतीनंतर गेला. नोव्हेंबरातली गाठ सर्दीची नव्हती. परत ऑपरेशन सांगितलं होतं, तो तयार झाला नाही.

“आवाज होता का?” द्वारकानं विचारलं. मी विचारायला सांगितलं नव्हतं.

“व्हता की. शेवटपर्यंत,” पारूबाई म्हणाली. “मला सारखी हाक द्यायचे. पारू, इथंच बस. पारू, ते दगड आत ठेव, ऊन लागतंय. अजून हाक आल्यावानी होतंय, मी उठून जाते न्‌ बघते.”

द्वारका फोन हातात धरून कितीतरी वेळ उभी होती.

सांडूला निदान विचारलं तरी होतं. त्यानं निवडलं आणि गेला. मी जिवंत आहे आणि माझं काहीच मी निवडलेलं नाही. हे मी तिला बोलून दाखवलं. अंगठा ठेवून, तुटक. झडपेतून निघालेलं माझं पहिलं पूर्ण वाक्य.

ती म्हणाली, “निवडून बघितलं मी पण एकदा. आयुष्यात एकदाच.”

काय निवडलंस, असं विचारायला हवं होतं. धाप लागली.

२५ फेब्रुवारी

रोज सकाळी ब्रश. तिचा चेहरा माझ्या हनुवटीपाशी असतो. ती श्वास रोखून धरते, मीही. त्या अर्ध्या मिनिटात घरात सर्वांत जास्त शांतता असते. एवढ्या जवळून मी तिला कधी पाहिलं नव्हतं. डाव्या भुवईत जुना व्रण आहे. कशाचा, ते आठवेना. मग आठवलं. कोर्टातून आणलेला पितळी पेपरवेट. सायलीच्या दहावीचं वर्ष.

तो तिला लागला नव्हता, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.

आवाज आता अंगणापर्यंत जातो. सायलीशी फोनवर बोललो. “पप्पा, छान येतोय,” ती म्हणाली. होळीला येणार होती. आता रजा मिळणं अवघड आहे म्हणाली.

६ मार्च, गुरुवार

बाजारचा दिवस. द्वारका आज गेली नाही. दुपारी एकला मी जेवायला बसलो. ताट वाढलेलं होतं, ती आत होती. मधलं दार लोटलेलं. भांडी घासल्याचा आवाज येत होता. गुणगुणणं बंद आहे. अकरा फेब्रुवारीपासून बंद आहे, हे आज मोजलं तेव्हा कळलं.

घसा साफ केला. छाती भरून घेतली. अंगठा नीट बसवला.

“द्वारकाबाई सोमनाथ दांडगे, हाजिर हो.”

खरखरीत, पण स्पष्ट आला. आडनावापर्यंत पूर्ण. कोर्टात चालला असता. आतला भांड्यांचा आवाज थांबला. ऐकू गेलं होतं.

माणूस जिना चढून येईल एवढी जागा सोडली.

“द्वारकाबाई सोमनाथ दांडगे, हाजिर हो.”

नळ बंद झाला. मग काहीच नाही. पाऊल नाही, बांगडी नाही. दाराच्या फटीतून तिची सावली फरशीवर दिसत होती. ती उभी होती. दाराकडं येत नव्हती आणि मागंही सरकत नव्हती. ती मोजत होती.

पुन्हा श्वास घेतला. अंगठा छिद्रावर ठेवला. नाव जिभेवर तयार होतं.

तिसऱ्यानंतर थांबायचं नसतं. तिसऱ्यानंतर निकाल असतो.

भात निवत गेला. सावली तशीच होती. मी अंगठा काढला. हवा मानेतून बाहेर पडली, आवाज न करता.